हेदवी ते शिरोडा: तिथी धरून पाहिलेले सूर्यास्त

कोकणात सूर्यास्त किती वाजता होणार हे मोबाइल मिनिटासकट सांगतो. जानेवारीच्या मध्याला रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत ही वेळ सहा वीसच्या मागेपुढे असते. त्या घटकेला समुद्र कुठवर आलेला असेल, हे मात्र बहुतेक जण किनाऱ्यावर पोचल्यावरच बघतात. मग ओल्या पुळणीतलं प्रतिबिंब टिपायला आलेली मंडळी बंधाऱ्यावर उभी राहून लाटा चुकवत बसतात. आमचा चौघांचा बेत म्हणूनच पंचांगावरून ठरला: पौष शुद्ध एकादशीला हेदवी, वद्य प्रतिपदेला शिरोडा आणि मधल्या तिथींना मधली गावं.

दर्यावर जाणाऱ्यांचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची, येईल तो आकडा पूर्ण भरतीच्या वेळेचा. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाला भरती. पौर्णिमा-अमावास्येला अकरा-बारा. दिवसातून दोन भरत्या, आणि प्रत्येक भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. यातून संध्याकाळचं गणित आपोआप निघतं. अष्टमीच्या आसपास सूर्य भरतीत बुडतो, पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या एकदोन दिवसांत ओहोटीत. हिशेबात अर्धा-पाऊण तासाची चूक धरूनच चालायचं, शिवाय तो मुंबईला जास्त लागू पडतो. दक्षिणेकडे भरती आधी येते, मालवण-वेंगुर्ल्याला साधारण तासभर आधी. तेव्हा तिथीवरून दिवस ठरवा आणि वेळेसाठी त्या त्या बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता बघा. पाण्याच्या उंचीतही फरक आहे. उधाणाच्या दिवशी, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला, मुंबईला भरती-ओहोटीत चार मीटरपर्यंत अंतर पडतं, मालवणला साधारण दोन. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या सुमाराला, दोन्हीकडे बरंच कमी.

कामांची वाटणी घरूनच करून निघालेलं बरं. एकाकडे टेलिफोटो (दूरचं मोठं दाखवणारी लेन्स), एकाकडे वाइड लेन्स आणि फिल्टर, एकाच्या मोबाइलवर टाइमलॅप्स. चौथ्याने फोटो काढायचा नाही. त्याने पाण्याकडे, बॅगांकडे आणि घड्याळाकडे बघायचं. हे काम आळीपाळीने आलं की भांडण होत नाही.

एकादशी: हेदवी

चिपळूणहून गुहागरचा रस्ता धरला की हेदवीला दुपारपर्यंत आरामात पोचता येतं. दशभुज गणपतीचं देऊळ वर गावात, आणि खाली समुद्राला लागून उमामहेश्वराचं. या देवळाच्या मागे काळ्या कातळात एक अरुंद, खोल चीर आहे, तिला बामणघळ म्हणतात. भरतीचं पाणी या चिरेत शिरतं, पुढे जायला जागा नसल्याने दाबलं जातं आणि कारंज्यासारखं वर उसळतं. एकादशीला हा खेळ पूर्ण रंगात नसतो, कारण उधाण अजून लांब असतं आणि पूर्ण भरती सूर्यास्तानंतर तासा-दीड तासाने येते. घळीची खरी उसळी बघायची तर पौर्णिमा-अमावास्येला सकाळी अकराच्या सुमाराला या. संध्याकाळी चढत्या पाण्यात मिळते ती कातळावर फुटणारी लाट आणि तिच्या मागून येणारा उजेड. फोटोला तेवढं पुरतं.

लाटेचा फेस सूर्याच्या उलट्या उजेडात टिपताना शटरचे दोनच वेग कामाचे. थेंब न् थेंब गोठवायचा तर १/१००० सेकंद, एफ/८ (लेन्सचं छिद्र), आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) २०० ते ४००. पाणी दुधाळ करायचं तर एक सेकंदाच्या आसपास. मधला १/३० वगैरे वेग ना इकडचा ना तिकडचा. फोटो नुसता हललेला वाटतो. एक सेकंद मिळवण्यासाठी सहा स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड सहा वेळा निम्मा करणारी गडद काच, लागतो: फिल्टरशिवाय एफ/११, आयएसओ १०० ला १/६० येत असेल, तर फिल्टर लावल्यावर बरोबर एक सेकंद होतो. फोकस आधी करून मॅन्युअलवर टाका, मगच फिल्टर लावा. गडद काचेतून ऑटोफोकस चाचपडत राहतो.

या कातळावर भीती लाटेची आहेच, पण त्याआधी शेवाळाची. काळा, कोरडा, खरखरीत दगड धरतो. हिरवट चकाकणारा अजिबात धरत नाही. जागा निवडण्याआधी दहा मिनिटं उभं राहून लाटा बघा. सगळ्यात मोठी लाट जिथवर ओलं करून गेली, त्याच्या मागे तीन-चार मीटरवर ट्रायपॉड लावायचा. पाणी चढत असेल तर दर दहा मिनिटांनी ही रेघ नव्याने बघायची. देवळाजवळ भेटलेल्या एका काकांनी न विचारता सांगितलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे: "समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, एवढं पाळा. बाकी तुम्ही शिकलेली माणसं."

लेन्सवर उडालेले खारे थेंब कोरड्या फडक्याने पुसू नयेत. वाळलेलं मीठ काचेवर ओरखडे काढतं. आधी गोड्या पाण्याने किंचित ओलं केलेलं मायक्रोफायबर फडकं टेकवायचं, मीठ विरघळू द्यायचं, मग दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसायचं.

एकादशी असल्यामुळे उतरलो त्या घरी रात्री वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, उपासाची बटाट्याची भाजी आणि ताक. मावशींनी आग्रहाने वर तूप वाढलं. मोदक हवे असतील तर द्वादशीला सकाळी सांगून ठेवा, आयत्या वेळी मागितले तर मिळत नाहीत. आणि मिळाले तर शंका घ्या.

द्वादशी: तवसाळ, जयगड, आरे-वारे

हेदवीहून तवसाळला गेलं की फेरीबोट शास्त्री नदीच्या मुखातून गाडीसकट जयगडला सोडते. खाडी ओलांडायला फार वेळ लागत नाही, पण बोट सुटायच्या वेळा ठरलेल्या असतात, त्या आदल्या दिवशी विचारून ठेवा. बोटीवरच्या खलाशाला सूर्यास्ताचं विचारलं, तर त्याने समुद्राकडे बघून सांगितलं, "आज मतलई उशिरापर्यंत होती. संध्याकाळी कड दिसायची नाही."

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. हिवाळ्यात रात्री जमीन लवकर थंड होते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, हेच मतलई वारे. जमिनीवरची धूळ, धूर, जाळलेल्या पालापाचोळ्याची राख ते समुद्रावर नेऊन सोडतात. वर थंड हवेवर गरम हवेचं झाकण बसलेलं असल्याने हा सगळा मळ खालीच तरंगत राहतो. दुपारचे खारे वारे तो पुरता हटवू शकले नाहीत, तर संध्याकाळी क्षितिजाच्या वर करड्या पट्टीचा एक थर उरतो. सूर्य पाण्यापर्यंत पोचतच नाही, त्या पट्टीत लाल होत होत विरतो, आणि तेही ठरलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी. जानेवारी-फेब्रुवारीत हे नेहमीचंच आहे. क्षितिज धुतल्यासारखं स्वच्छ हवं असेल तर पाऊस सरल्यावरचा ऑक्टोबर-नोव्हेंबर जास्त भरवशाचा. ओळखायची खूण अशी: दुपारी चार वाजता समुद्र आणि आकाश यांच्यामधली रेघ सुरीने कापल्यागत दिसते का? दिसत असेल तर टेलिफोटो बाहेर काढा. दिसत नसेल तर बिंबाचा नाद सोडा आणि रंगांच्या मागे लागा.

गणपतीपुळ्याला दर्शन घेऊन पुढे निघालेलं चांगलं. किनारा सुंदर आहे, पण संध्याकाळी गर्दी, घोडे, उंट आणि भेळेच्या गाड्या यांच्यातून रिकामी चौकट शोधणं जिवावर येतं. शिवाय पाणी किनाऱ्यालगतच एकदम खोल होतं, तेव्हा कमरेपर्यंत उतरून फोटो काढण्याचा मोह टाळा.

रत्नागिरीकडे जाणारा किनाऱ्याचा रस्ता आरे-वारेला डोंगरावर चढतो, तिथून खाली पुळणीचा लांब पट्टा, सुरूचं बन आणि समुद्र एका नजरेत मावतात. भरती अर्धवट असली की पुळणीवर ना धड ओली चमक असते ना लाटांची उसळण. अशा तिथीला उंचावर जावं, तिथे भरतीचा काही संबंध येत नाही. उंचीचा आणखी एक फायदा बहुतेकांना ठाऊक नसतो. साठेक मीटर उंचीवरून क्षितिज खाली जातं, त्यामुळे सूर्य किनाऱ्यावरच्या माणसापेक्षा सुमारे ५० सेकंद उशिरा मावळतो. एरवी बिंबाची खालची कड पाण्याला टेकल्यापासून वरची कड बुडेपर्यंत आपल्या अक्षांशावर जेमतेम सव्वादोन मिनिटं मिळतात, तेव्हा ५० सेकंद म्हणजे चैनच.

ट्रायपॉड मांडायला किती वेळ उरलाय हे हाताने मोजता येतं. हात पुढे ताठ करून बोटं आडवी धरायची, क्षितिज ते सूर्य यांच्यामध्ये जितकी बोटं मावतील तितकी आठ-नऊ मिनिटं. एका बोटाला पंधरा मिनिटं धरण्याची रीत बरीच फिरते. तिच्यावर विसंबलात तर कोकणात निम्म्या वेळात काळोख होईल.

त्या संध्याकाळी खलाशाचंच खरं झालं. सहा दहाला बिंब गेलं. रस्त्याकडेच्या निम्म्या गाड्या वळून परतही गेल्या, आणि आकाशाचा सगळा खेळ त्यानंतर झाला. उंचावरचे पिसांसारखे ढग सूर्य बुडाल्यावर दहा ते वीस मिनिटांनी खालून उजळतात: आधी पिवळे, मग शेंदरी, शेवटी जांभळट गुलाबी. सूर्य आपल्याला दिसेनासा झाला तरी आठ-दहा किलोमीटर उंचीवरच्या ढगांना तो दिसत असतो, एवढाच त्याचा अर्थ. सूर्यास्तानंतर किमान २५ मिनिटं जागा सोडायची नाही. आमच्या मते कोकणातल्या सूर्यास्ताबद्दल सांगण्यासारखी एकच गोष्ट निवडायची झाली, तर ती ही.

रंग जपायचे तर व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका. कॅमेऱ्याला वाटतं हा केशरी रंग म्हणजे दिव्याचा दोष आहे, आणि तो इमानेइतबारे दुरुस्त करून टाकतो. डेलाइट, नाहीतर ५५०० ते ६००० केल्विन. एक्स्पोजर सूर्यावरून नको, त्याच्या शेजारच्या उजळ आकाशावरून घ्या आणि वर-खाली दोन-दोन स्टॉपच्या जादा चौकटी काढा, फाइल रॉ (कॅमेऱ्याने न बदललेली) ठेवा. मोबाइलवर आकाशावर बोट दाबून धरा, फोकस-एक्स्पोजर लॉक होतं, मग उजेडाची खूण खाली ओढा. आकाश किंचित गडद दिसायला लागलं की थांबा.

त्रयोदशी: रत्नागिरी, विजयदुर्ग

रत्नागिरीत सकाळी थिबा पॅलेस. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी पदच्युत करून १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं, हा राजवाडा १९१० मध्ये बांधून झाला आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. जवळच्या थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी, पूल आणि राजिवड्याच्या बोटी दिसतात. मुक्काम रत्नागिरीतच असेल तर संध्याकाळसाठी ही जागा उत्तम, कारण हिवाळ्यात सूर्य नेमक्या पश्चिमेला मावळत नाही, जवळजवळ २२ अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो. जूनमध्ये तेवढाच उत्तरेकडे जातो, पण तेव्हा तो बघायला आकाश मोकळं कुठे असतं.

पावस, पूर्णगड, जैतापूर असा किनाऱ्याचा रस्ता वेळ खातो. विजयदुर्गला चारच्या आत पोचायचं असेल तर रत्नागिरीत जेवायला थांबू नका, वाटेत घावन-चटणीवर भागवा.

वाघोटन खाडीच्या तोंडावरचा हा किल्ला तिन्ही बाजूंनी पाण्यात आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाशी त्याचं नाव जोडतात. गावात कुणीही ‘साहेबाचे ओटे’ दाखवतं आणि हेलियमचा शोध इथे लागला असं सांगतं. सूर्याच्या मागे लागलेल्या माणसाला ही गोष्ट आवडतेच, पण ती अर्धीच खरी मानावी. त्या ग्रहणात जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ गुंटूरला होता, आणि लॉकयर या इंग्रज शास्त्रज्ञाने सूर्याच्या कडेच्या ज्वाळांच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेघ त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून पाहिली. ओटे मात्र बघण्यासारखे आहेत.

विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग ही दोन्ही केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारकं. तिथे ट्रायपॉड आणि ड्रोनला परवानगी लागते, आणि बंद होण्याच्या वेळेला पहारेकरी हाकायला येतो. म्हणून तटावरून सूर्यास्ताच्या आधीचा तास घ्यावा आणि शेवटची वीस मिनिटं बाहेर बंदरावर. तटाच्या जांभ्या दगडावर पावणेसहाचा तिरका उजेड जो पडतो, त्यात प्रत्येक चिऱ्याचं छिद्र वेगळं दिसतं. हातात कॅमेरा असेल तर समुद्राकडे पाठ फिरवून आधी तेच टिपा. (हेदवीच्या काकांची माफी मागून. इथे खाली लाट नाही, बुरूज आहे.)

त्या दिवशी कड स्वच्छ होती, त्यामुळे टेलिफोटो कामाला आला. बिंब मोठं दिसायला लांब लेन्सच लागते, दुसरा उपाय नाही. हिशेब असा: फुल फ्रेमवर (जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरवर) २०० मिलिमीटरला सूर्य चौकटीच्या उंचीच्या तेराव्या भागाएवढा येतो, ४०० ला सहाव्या-सातव्या भागाएवढा. मोबाइलच्या मुख्य लेन्सने तो शंभराव्या भागाएवढा येतो, म्हणून डोळ्यांना ताटाएवढा दिसलेला सूर्य फोटोत ठिपका होतो. पाण्यालगत बिंब चपटं दिसतं, तो लेन्सचा दोष नव्हे. हवेच्या जाड थरातून येणारा खालच्या कडेचा उजेड वरच्यापेक्षा जास्त वाकतो, त्यामुळे खालची कड उचलल्यासारखी होते.

आणि एक इशारा. डीएसएलआरच्या काचेच्या व्ह्यूफाइंडरमधून टेलिफोटो लावून सूर्याकडे बघू नये, डोळ्याला कायमची इजा होते. मिररलेसमध्ये डोळा वाचतो, पण लांब लेन्स वर तळपत्या सूर्यावर रोखून ठेवली तर सेन्सर आणि शटरचे पडदे भाजू शकतात. बिंब लाल होऊन उघड्या डोळ्यांना सहन होईपर्यंत लेन्सवर झाकण ठेवा.

चतुर्दशी: कुणकेश्वर, मालवण

देवगडच्या पवनचक्क्या आणि कुणकेश्वर सकाळी उरकले. वाटेत कलमांना मोहोर आलेला, आणि बागेच्या कडेने गेलं की त्याचा वास गाडीत भरून राहतो. दुपारी मालवणात बांगड्याचं तिरफळं घातलेलं तिखलं, भात आणि सोलकढी. तिरफळाची बी चावू नका. नवखा माणूस ती चावतो आणि मग पुढे आलेल्या तिसऱ्यांची (शिंपल्यांची) चव त्याला कळत नाही.

सिंधुदुर्ग १६६४ ते १६६७ या काळात कुरटे बेटावर उभा राहिला. बोटीने किल्ल्यात जाऊन सूर्यास्त मिळत नाही, परतीच्या बोटी आधीच सुटतात. पण किल्ला समोर ठेवून मिळतो, आणि त्यासाठी दांडीचा किनारा. जानेवारीच्या मध्याला सूर्य होकायंत्रावर साधारण २४७ अंशांवर बुडतो, आणि दांडीवरून किल्ला त्याच सुमाराला, नैऋत्येकडे आहे. किल्ला पाऊण ते एक किलोमीटरवर, म्हणजे आपण किनाऱ्यावर आठ-नऊ मीटर सरकलो की तटाच्या मागे सूर्य एका बिंबाएवढा सरकतो. आपण उत्तरेला सरकलो तर सूर्य तटावर उजवीकडे जातो, दक्षिणेला सरकलो तर डावीकडे. बिंब सरळ खाली उतरत नाही, किंचित उजवीकडे कलत उतरतं. हे धरून सुरुवातीला ते बुरुजाच्या थोडं डावीकडे ठेवावं लागतं. पहिला अंदाज अर्धा तास आधी, शेवटची पळापळ पाच मिनिटं आधी. ट्रायपॉड खांद्यावर घेऊन पळता येईल असाच न्या.

दांडीवर रापण ओढणं चालू असेल तर सगळं सोडून ते बघा. अर्धगोल पसरलेलं जाळं दोन्ही टोकांनी दोन रांगा ओढतात, पायांनी वाळू रेटत, कमरेतून मागे कललेल्या. या काळ्या आकृत्या आणि मागे लालसर पाणी, याहून चांगली चौकट या किनाऱ्यावर मिळणं कठीण. मात्र आधी विचारा. आम्ही विचारलं तेव्हा एक वयस्क गाबीत मामा म्हणाले, "फोटो काढा, पण मगे जरा दोरयेक हात लावा." हात लावला की कळतं, दोरी दिसते त्याहून फार जड असते. जाळ्यात पेडवे, तारली, थोडे बांगडे आणि भरपूर जेलीफिश. जेलीफिश हाताने उचलू नका.

चतुर्दशीचा चंद्र सूर्यास्ताच्या पाऊणएक तास आधीच उगवलेला असतो. पश्चिमेकडचे फोटो झाले की मागे वळा. माडांच्या शेंड्यांवर चंद्र आणि खाली अजून उजेडात असलेल्या होड्या, दोन्ही एका एक्स्पोजरमध्ये मावतात. पौर्णिमेनंतर ही सोय जाते, कारण चंद्र वर येईपर्यंत जमीन काळी होते.

पौर्णिमा: किल्ले निवती

निवतीचा किल्ला म्हणजे आता थोडी तटबंदी आणि झाडोरा. टेकडी छोटी, वर जायला पंधरा-वीस मिनिटं, पण पायवाट गवतातून आहे आणि परत उतरताना काळोख असतो. डोक्याला लावायचे दिवे प्रत्येकाकडे हवेत, मोबाइलच्या दिव्यावर एक हात अडकतो. वरून उत्तरेला भोगव्याची पुळण दिसते, समोर समुद्रात निवती रॉकचे खडक आणि दीपगृह.

इथे येण्याचं कारण म्हणजे दोन्ही बाजू मोकळ्या. पौर्णिमेला सूर्य नैऋत्येकडे कलून बुडतो त्या सुमाराला चंद्र बरोबर उलट्या बाजूने, पूर्वेपासून थोडा ईशान्येकडे उगवतो. पूर्वेला झाडं आणि डोंगर असल्याने तो प्रत्यक्ष दिसायला वेळेपेक्षा पाच-दहा मिनिटं जास्त लागतात. दोन कॅमेरे दोन दिशांना लावा. एकाच कॅमेऱ्याने दोन्ही साधायला गेलात तर दोन्ही हुकतील. ताजा उगवलेला चंद्र तांबूस आणि मंद असतो: एफ/५.६, १/६०, आयएसओ ४०० पासून सुरुवात करा, वर चढेल तसा शटर वाढवत १/२५० पर्यंत न्या. टेलिफोटोवर पाव सेकंदापेक्षा लांब एक्स्पोजर दिलं तर चंद्र सरकलेला दिसतो.

टाइमलॅप्ससाठी ही जागा छान. चार सेकंदांना एक चौकट धरली तर तासाभरात ९०० होतात, म्हणजे ३० सेकंदांची फिल्म. सूर्यास्ताआधी ३५ मिनिटं सुरू करून नंतर २५ मिनिटं चालू ठेवायची. मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका. भर सूर्यास्तात घरून आलेला "पोचलात का?" हा फोन सगळी फिल्म तोडतो.

वद्य प्रतिपदा: शिरोडा-वेळागर

शिरोड्याची मिठागरं १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाने ओळखली जातात. गावातून पुढे वेळागरला सुरूचं बन ओलांडलं की सपाट, रुंद पुळण. ही जागा शेवटी ठेवली ती तिथीसाठी. प्रतिपदेला इथे ओहोटी सूर्यास्ताच्या थोडी आधी लागते. उधाणातली ओहोटी असल्याने पाणी लांब मागे जातं आणि मागे सोडलेल्या वाळूवर पाण्याचा पातळ पापुद्रा राहतो. प्रतिबिंब त्यात पडतं.

हे प्रतिबिंब लाट मागे गेल्यावर पाच-सहा सेकंदच टिकतं, मग वाळू पाणी शोषते आणि मंद होते. कॅमेरा गुडघ्याच्याही खाली, वाळूपासून एक-दीड फुटावर आणा. जितकं खाली, तितकं आकाश जास्त. शटर अर्धा सेकंद, परतणाऱ्या फेसाच्या रेषा त्यातच उठतात. लाट येताना नाही, मागे सरकायला लागली की बटण दाबायचं, दोन सेकंदांचा टायमर न लावता रिमोटने. ट्रायपॉडचे पाय पसरट करून हाताने वाळूत दाबा, एक लाट त्यांच्यावरून जाऊ द्या, पुन्हा दाबा आणि मगच चौकट बांधा. नाहीतर लाट पायाखालची वाळू ओढून नेते, कॅमेरा एक्स्पोजर चालू असतानाच अंगठाभर खचतो आणि क्षितिज वाकडं येतं. मधला खांब वर काढू नका. लेन्स किनाऱ्यावर बदलू नका. खारा वारा आणि बारीक वाळू सेन्सरवर बसली की घरी जाऊन प्रत्येक आकाशात ठिपके पुसत बसावं लागतं.

मित्रांच्या काळ्या आकृत्या टिपायच्या तर घोळक्याने उभे राहू नका, सगळ्यांचा मिळून एक ढिगारा दिसतो. दोघांमध्ये हातभर आकाश दिसलं पाहिजे. चेहरे कॅमेऱ्याकडे नकोत, बाजूला वळवा म्हणजे नाक-हनुवटी कळते. क्षितिजाची रेघ मानेतून जाऊ देऊ नका. कॅमेरा खाली बसवला की ती गुडघ्यांवर येते. उडी मारायची हौस असेल तर १/५०० च्या वर. आणि ज्यात चेहरे दिसायला हवेत असा एक फोटो सूर्यास्तानंतर दहा मिनिटांनी, सगळ्यांना पश्चिमेकडे तोंड करून उभं करून काढा. तेव्हाचा मऊ उजेड कुठल्याही फ्लॅशपेक्षा बरा.

सूर्यास्तानंतर वीसेक मिनिटांनी निळं पर्व, म्हणजे गर्द निळ्या उजेडाची वेळ, सुरू होतं. एफ/११, आयएसओ १००, १५ ते ३० सेकंद. लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद करा, स्थिर ट्रायपॉडवर ते उलट कंप आणतं. समुद्रात दूर मासेमारीच्या बोटींचे दिवे लागतात. मासळीसाठी लावलेले विजेचे काही दिवे इतके प्रखर असतात की ३० सेकंदांत चौकट जाळतात. तिथे दहा सेकंदांवर या.

किनाऱ्यावरच्या टपरीत वहिनींनी गरम उकड्या तांदळाची पेज आणि तळलेला बांगडा दिला. परतीसाठी रेल्वे सावंतवाडी रोडहून, गाडी असेल तर आंबोली घाटाने. रेल्वे गाठायची असेल तर वेळागर साडेसातला सोडा. निघण्याआधी ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून टपरीच्या नळाखाली गोड्या पाण्याने धुऊन घ्या, सांध्यातली वाळू वाहून गेली की उघडेच वाळवा. ओले मिटवून पिशवीत घातलेत तर मीठ सांध्यात धरतं, आणि पुढच्या वेळी पाय पिरगाळून उघडावे लागतात.